वाटेत अडकलेले अडीच लाख

१

शनिवारी सकाळी हसीनाबी मणियार बांगड्यांची पेटी घेऊन आपल्या नव्या गाळ्यापुढे रिक्षातून उतरली, तेव्हा शटरला भलत्याच कुणाचं कुलूप होतं. कुलूप नवंकोरं, पितळी, आणि नजर लागू नये म्हणून वर लिंबू-मिरची बांधलेली. दुसऱ्याच्या गाळ्यात घुसणाऱ्यालाही नजरेची भीती वाटते, हीसुद्धा एक गंमतच.

नशिराबादला हायवेलगत एका खाजगी ट्रस्टनं बांधलेला हा बाजार. त्यातला सात नंबरचा गाळा म्हणजे बाजाराचं नाक. समोरच बसथांबा, त्यामुळे उतरणाऱ्या बाईची पहिली नजर तिथेच पडणार. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तो हसीनाबीच्या नावे निघाला होता. अट एकच होती : अडीच लाखांची अनामत शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत ट्रस्टच्या खात्यात ऑनलाइन जमा व्हायला हवी. मुदत टळली की गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला.

शटरच्या बाजूला कागद डकवला होता. "मुदतीत भरणा न झाल्याने गाळा क्र. ७ पुढील अर्जदार श्री. नवल यांना देण्यात येत आहे. शिक्कामोर्तब रविवारच्या बैठकीत."

हसीनाबीनं तो दोनदा वाचला आणि तशीच लीलाधरच्या दुकानात गेली. लीलाधरचं ऑनलाइन सेवा केंद्र म्हणजे अख्ख्या गावाची बँक. वीजबिल, पेन्शन, पीकविमा, बठ्ठं म्हणजे सगळंच तोच करतो. तिनं सोमवारीच त्याच्या नावे अडीच लाखांचा चेक दिला होता, मंगळवारी तो वटलाही होता, आणि "मावशी, तुम्ही निर्धास्त राहा, मी ट्रस्टला पाठवतो," असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. म्हणून तर शुक्रवारी ती मुक्ताईनगरला एका नवरीचा चुडा भरायला निश्चिंत गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. मोबाइल चार्जिंगअभावी बंद पडला, त्याचीही तिनं फिकीर केली नाही.

"मावशी, काय सांगू!" लीलाधर हळहळला. "दुपारी बाराला पाठवले. पण सर्व्हर डाउन. पैसे वाटेत अडकले. माझ्याकडे परत आले ते सातला, तोवर मुदत गेलेली. सव्वासातला तुमच्या खात्यात परत टाकले. एक रुपया ठेवला नाही. पासबुक भरून पाहा."

हायवेवरच्या एटीएमशेजारी पासबुक छापायचं यंत्र आहे. तिनं छापून पाहिलं. अडीच लाख, लीलाधरकडून, एनईएफटीनं, तारीख शुक्रवारची. पैसे खरोखर आले होते.

मग गाव तिलाच समजावायला लागलं. पैसे आले ना परत? मग ओरडतेस कशाला? हसीनाबीनं भर चौकात कमरेवर हात ठेवला.

"मले पैसा नको. मन्हा गाळा पाहिजे. ज्यानी खाधा, त्याना घशातून काढसू!"

आणि तिनं धुळ्याला फोन लावला.

२

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या प्रमिलाबाई बँकेतून निवृत्त झाल्या, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सगळी नोकरी क्लिअरिंगच्या टेबलावर गेली. कुणी "पैसे अडकले" म्हणालं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. अडकायला पैसा म्हणजे काय बैलगाडी आहे?

हसीनाबीसाठी त्या मिळेल त्या एसटीनं निघाल्या याचं कारण मात्र बँक नव्हे. स्वतःचा नवरा वारला तेव्हा प्रमिलाबाई नशिराबादच्या शाखेत होत्या. तेराव्याला आलेल्या बायका त्यांचे मोकळे हात पाहून हळहळत होत्या. हसीनाबी पेटी घेऊन आत आली, समोर बसली आणि म्हणाली, "अक्का, हात पुढे कर. बांगड्या तुन्ह्या शेतस, नवरान्या नहीत." सगळ्यांदेखत तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. त्या दिवसापासून प्रमिलाबाईंनी जगाला घाबरणं सोडलं. त्या बाईचा गाळा कुणी हिसकावून घेतो म्हणजे काय? त्यांना मनापासून संताप आला होता.

दुपारी त्या हसीनाबीच्या ओसरीवर पोचल्या. तिथे तिचा भाचा आवेज मान खाली घालून बसला होता. रिक्षा चालवणारा, पंचविशीचा पोरगा. गावानं दुपारपर्यंत त्याच्यावर ठपका ठेवून मोकळं केलं होतं : ह्यानंच लीलाधरला पैसे रोखायला सांगितले असतील, ह्याला नवी रिक्षा घ्यायची आहे.

"सांगितलं होतंस का?" प्रमिलाबाईंनी सरळ विचारलं.

"अक्का, रिक्षा पाहिजे, हे खरं. खालाकडे मागितलीही होती. ती नाही म्हणाली, विषय संपला." त्यानं मान वर केली. "पण मला एक सांगा. पैसे अडकतात हे तर खरंच ना? मागच्या महिन्यात पेट्रोल भरलं, यूपीआयनं पैसे कापले गेले, पंपवाल्याला मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत आले. लीलाधरभाऊचं तसंच झालं असेल."

"इथेच तुमचं गाव फसलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "यूपीआयचा अनुभव सगळ्यांना लावून मोकळे झालात. अरे, पैशाच्या वाटा वेगळ्या, वाहनं वेगळी. यूपीआयमध्ये तुला निरोप लगेच मिळतो, पण बँका आपसातला हिशेब मागाहून करतात. मधे निरोप तुटला की मग मागाहून ताळा जुळवून पैसे परत करायचे, म्हणून कधी दिवस जातो. पण यूपीआयनं साधारण लाखाच्या वर पाठवता येत नाहीत. इथे होते अडीच लाख."

"मग?"

"मग दोन वाटा उरल्या. एनईएफटी म्हणजे जळगावची काळीपिवळी जीप. दर अर्ध्या तासाला सुटते, तोवर जमलेल्या सगळ्यांना एकत्र नेते. बँकांनी कुणाला किती द्यायचे याची वजाबाकी एकदाच करायची, म्हणून ती गठ्ठ्यानं जाते. आरटीजीएस म्हणजे स्पेशल गाडी. दोन लाखांच्या वरचा एकेक व्यवहार तिथल्या तिथे, त्याच क्षणी पुरा. पलीकडच्या बँकेनं अर्ध्या तासात जमा करायचे, नाहीतर तासाभरात परत. एनईएफटीतही जमा झाले नाहीत तर दोन तासांत परत पाठवायचा नियम आहे. बाराला निघालेला पैसा सातला परत येतो म्हणजे मधले सात तास तो कुठे चहा पीत बसला होता?"

आवेजच्या तोंडाचा आ झाला. हसीनाबी मात्र हसली नाही. "अक्का, नियम तू जाणस. पण ट्रस्टना भाईदासनाना म्हणतील, नियम कागदावर, सर्व्हर तो सर्व्हर. आणि बँक सोमवारशिवाय उघडत नही."

ते खरं होतं. दुसरा शनिवार, पुढे रविवार. बैठक रविवारी सकाळी. बँकेला एक अक्षर विचारता येणार नव्हतं, आणि सोमवारी विचारून उपयोग नव्हता, कारण तोवर गाळा नवलच्या नावे कायमचा झालेला असणार.

३

ट्रस्टच्या कार्यालयात कारकून लोटन एकटाच होता. प्रमिलाबाईंना पाहताच त्यानं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. हा माणूस काहीतरी लपवतोय, हे त्यांना दारातूनच कळलं.

"सहाची मुदत आणि नोटीस किती वाजता लावली?"

"सहा... सहा-पाचला."

"पाच मिनिटांत? गावातल्या बाईला एक फोन नाही?"

लोटन घाम पुसायला लागला. "नानांनी सांगितलं होतं, मुदत म्हणजे मुदत. मी हुकमाचा माणूस, अक्का. नोटीस लावताना मलाही बरं वाटलं नाही. मी हसीनाबीला फोन केला होता, पण बंद होता."

"आणि पैसे खात्यात आलेच नव्हते, कशावरून? आले असतील, तू परत पाठवले असतील."

हे मात्र त्याला झोंबलं. त्यानं मोबाइल काढून ट्रस्टच्या खात्याचे शुक्रवारचे संदेशच समोर धरले. सहा जणांचे भरणे आले होते. हसीनाबीचं नाव कुठेच नव्हतं, ना आलेल्यांत, ना परत गेलेल्यांत. प्रमिलाबाईंचं बोट मधल्या एका संदेशावर थांबलं.

"ही ताईबाई कोण?"

"पापडवाली, गाळा नऊ. तिचा भरणाही लीलाधरच्याच दुकानातून झाला. एनईएफटी. साडेबाराच्या आत आला."

"म्हणजे बाराला लीलाधरच्या दुकानातून एक पैसा नीट आला आणि दुसरा अडकला. दुकान एक, वेळ एक, सर्व्हर मात्र बायका निवडून डाउन होतो." त्यांनी मोबाइल परत दिला. "गाळा गेला हे लीलाधरला कोणी कळवलं?"

"मीच. सातला फोन केला. हसीनाबीचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून."

"काय म्हणाला?"

"काही नाही. म्हणाला, बरं झालं कळवलं, मी तिचे पैसे परत करून टाकतो."

"दुपारपासून तिचे अडीच लाख वाटेत अडकलेत, बाईचा गाळा गेलाय, आणि माणूस 'बरं झालं' म्हणतो?"

"अक्का, तुम्ही म्हणता तसं मला तेव्हा सुचलंच नाही."

लोटन नेभळट होता, पण चोर नव्हता, असं प्रमिलाबाईंचं मत झालं. नेभळटांच्या जोरावरच चोरांचं फावतं, हेही त्यांना ठाऊक होतं. निघताना त्यांनी सहज विचारलं, "हा नवल कोण?"

"नवल? कपड्याचं दुकान टाकणार आहे. लीलाधरचा मेहुणा ना तो. सारिकावहिनींचा सख्खा भाऊ."

४

लीलाधरच्या दुकानात पोचेपर्यंत दिवस कलला होता. हिवाळ्यात सूर्याला घरी जायची घाई असते. दुकानामागेच त्याचं घर, मधे फक्त एक पडदा. प्रमिलाबाईंना त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि विचारण्याआधीच सगळी कहाणी पुन्हा सांगितली. बारा, सर्व्हर, सात, सव्वासात. पाठ केलेल्या पाढ्यासारखी.

"आरटीजीएस केलं की एनईएफटी?"

"आरटीजीएस," तो चटकन म्हणाला.

"मग तासाभरात परत यायला हवे होते."

"मॅडम, तुमच्या काळातले नियम." तो गोड हसला. "आता सगळं ढगात असतं. ढगात काय होतं ते देवालाच माहीत."

"पैसे गेल्याचा बँकेचा संदेश दाखवता का?"

"मोबाइल भरला होता, पुसले सगळे संदेश. बाईसाहेब, मी एक रुपया खाल्ला असता तर गोष्ट वेगळी. त्याच दिवशी, त्याच तारखेला पैसे परत केले. पासबुक बोलतंय. आणखी प्रामाणिकपणा काय असतो?"

पासबुकावर तारीख असते, वेळ नसते. हसीनाबीच्या खात्याला जोडलेलं सिमकार्ड जुनं, कधीच बंद पडलेलं, त्यामुळे तिला संदेश आलाच नव्हता. सव्वासात हा शब्द फक्त लीलाधरचा होता आणि खोडायला हातात काही नव्हतं.

पडद्याआडून सारिका आली. तिनं दुकानातल्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावला, उदबत्ती ओवाळली आणि कुणाकडे न बघता आत गेली. तिचे डोळे रडल्यासारखे लाल होते. तेवढ्यात कमलबाई नावाची एक म्हातारी धापा टाकत पायरी चढली.

"लीलाधरभाऊ, नातूले धुळाले दोन हजार पाठवना शेतस. मेसवाला थांबस नही."

लीलाधरनं देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. "दिवा लागना, मावशी. आते पैसा बाहेर जात नही. सकाळी ये."

"अरे, मोबाइलमधूनच तर जाणार."

"मोबाइलमधून गेली तरी लक्ष्मीच ती. आमच्या बापानं दिवा लागल्यावर घरातून मीठ नाही दिलं. मी पैसा देऊ?"

कमलबाई पुटपुटत उतरली. प्रमिलाबाईही उठल्या. लीलाधरनं त्यांना वाकून नमस्कार केला, आणि त्या नमस्काराचा त्यांना भारी राग आला.

५

हसीनाबीच्या ओसरीवर एक पाहुणा बसला होता. ट्रस्टचे अध्यक्ष भाईदासनाना. पांढरा सदरा, सुपारी, आणि गावाचं भलं आपल्याच खिशात असल्याचा चेहरा.

"हसीनाबी, मी मनानं कुणाचं वाईट करत नाही," ते सांगत होते. "मागच्या रांगेत एकोणीस नंबर रिकामा आहे. तो घे. भाडंही थोडं कमी करू. गावात दोन समाज राहतात, उगाच बोभाटा नको. मिटवून टाक."

मागची रांग म्हणजे मुतारीच्या भिंतीला लागून. तिथे बांगड्या भरायला कोण येणार? हसीनाबी उठून उभी राहिली.

"नाना, समाज मधे आणू नका. मी पन्नास घरांत चुडे भरस, कोणी मले समाज विचारला नही. सात नंबर मन्हा नावावर निघना. तो दया म्हणून नको, एकोणीस लाच म्हणून नको. चहा प्या आणि या."

नाना चहा न पिताच गेले. जाताना म्हणाले, "उद्या पुरावा आण. नुसत्या जिभेवर बाजार चालत नाही."

प्रमिलाबाई खांबाला टेकून बसल्या. पुरावा. सव्वासात खोटे होते हे त्यांच्या हाडांना कळत होतं, पण हाडांची साक्ष बैठकीत कोण घेणार? आवेजनं आत जाऊन दिवा लावला. हसीनाबीनं त्याला हाक मारली, "बेटा, कमलबाई उनती व्हती. तिना नातूले तुन्हा मोबाइलवरून दोन हजार धाड. लीलाधर दिवा लागल्यावर देस नही, बठ्ठा गावले ठाऊक शे."

प्रमिलाबाई ताडकन सरळ झाल्या.

"हसीना, काय म्हणालीस? सगळ्या गावाला ठाऊक आहे?"

"हो वं. लोक हसतस त्याले. कोणी मरंना तरी त्या दुकानातून दिवा लागल्यावर रुपया निघत नही."

"आवेज, काल, शुक्रवारी दिवे कधी लागले असतील?"

"आजच्यासारखेच, अक्का. पावणेसहाला अंधारायला लागतं."

प्रमिलाबाई मोठ्यानं हसल्या. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या घरातली बाई दारात आली.

"मिळाला. उद्या फक्त एकच प्रश्न विचारायचा आहे मला."

६

रविवारी सकाळी बाजाराच्या मधल्या चौकात सतरंज्या टाकल्या होत्या. सगळे गाळेवाले, बघे, भाईदासनाना टेबलामागे, लोटन त्यांच्या शेजारी. नवल पहिल्या रांगेत इस्त्रीचे कपडे घालून, लीलाधर त्याच्या मागे, आणि बायकांच्या बाजूला कडेला सारिका. नानांनी विषय पुकारला आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? प्रमिलाबाई उभ्या राहिल्या.

"लीलाधरभाऊ, हसीनाबीचे पैसे परत कधी पाठवलेत? सगळ्यांसमोर सांगा."

"शंभर वेळा सांगितलं. शुक्रवारी सव्वासातला. लोटनचा फोन आल्यावर."

"नक्की? दिवा लागल्यावर?"

आधी मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग खसखस पसरत पुढे आली. ताईबाई पापडवाली ओरडली, "अरे, मन्हा सिलिंडरचे आठशे रुपये त्यानी दिवा लागना म्हणून अडकाडले व्हते, आणि अडीच लाख सोडले?"

लीलाधरचा चेहरा उतरला, पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "दुसऱ्याचे पैसे होते. बाईवर वेळ आली होती. म्हणून त्या दिवशी नियम मोडला. चूक झाली का माझी?"

बैठक पुन्हा त्याच्या बाजूला कलली. माणसं मान डोलावू लागली. प्रमिलाबाईंना हे उत्तर येणार हे ठाऊक होतं.

"मोडला असेल. पण मग मला समजवा. वेळ आली होती, बाई अडली होती, तर आरटीजीएसनं पाठवायचे, क्षणात पोचतात. तुम्ही परत पाठवले ते एनईएफटीनं, गठ्ठ्यानं, सावकाश. घाई असणारा माणूस काळीपिवळीची वाट बघतो का? आता माझं ऐका. तुमच्याकडे पैसे मंगळवारपासून होते. तुम्ही ते पुढे पाठवलेच नाहीत, म्हणून ट्रस्टच्या खात्यात ना आल्याची खूण, ना परत गेल्याची. पण प्रामाणिकपणा दाखवायला परतीची तारीख शुक्रवारचीच हवी होती. शनिवारची तारीख पडली असती तर लोकांनी विचारलं असतं, रात्रभर का ठेवले? शुक्रवारीच पाठवायचे, आणि दिवा लागल्यावर तर पाठवायचे नाहीत. मग उरतं काय? दिवा लागायच्या आधी. पावणेसहाच्या आधी!"

प्रमिलाबाईंनी लोटनकडे बोट केलं.

"आणि मुदत होती सहाची. म्हणजे गाळा गेला हे लोटननं सातला सांगायच्या आधीच तुम्ही तिचे पैसे परत करून बसला होतात. अहो, जे अडीच लाख पावणेसहाला हसीनाबीकडे जायला निघू शकत होते, ते त्याच मिनिटाला ट्रस्टकडे का निघाले नाहीत? आरटीजीएसनं सहाच्या आत पोचले असते! तुम्ही पासबुकाच्या भरवशावर राहिलात, कारण पासबुकात वेळ छापत नाहीत. पण बँकेत नोंद असते. उद्या सोमवार आहे. हसीनाबी तिच्या बँकेत विचारणार, पैसे कोणत्या गठ्ठ्यात आले. मी सांगते आज, तो सातच्या आधीचा निघणार. नाही निघाला तर मी इथे भर चौकात तुमची माफी मागीन."

"हे सगळे तर्क आहेत!" नवल उसळला. "नाना, ही धुळ्याची बाई आपल्या गावात येऊन..."

"तर्क नाहीत."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. सारिका उभी राहिली होती. पदर मुठीत घट्ट धरलेला.

"दिवा मी लावते. शुक्रवारी दिवा लावला आणि लगेच आईचा फोन आला. चाळीसगावहून. औषध संपलंय, पाचशे रुपये पाठव. मी यांना म्हटलं, पाठवा. हे म्हणाले, दिवा लागला, सकाळी बघू. मी पाया पडले. नाही दिले. आई रात्रभर खोकत राहिली." ती भावाकडे वळली. "तुझीपण आई आहे ना ती, नवल? तिचे पाचशे दिव्यापायी अडले. आणि हे म्हणतात, त्याच रात्री सव्वासातला अडीच लाख पाठवले. दिवा लागल्यावर यांनी मोबाइलला हात लावला नाही. मी समोर बसले होते."

नवल खाली बसला. लीलाधर मात्र उठला. पकडलेला माणूस रडतो तरी किंवा उलटतो तरी. हा उलटला.

"हो, नाही पाठवले! काय चोरलं मी? तिचा पैसा तिला मिळाला. मेहुण्याचा धंदा उभा राहावा म्हणून दोन घटका थांबलो, एवढंच!"

"दोन घटका नही रे," हसीनाबी पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून सगळ्यांना तो नीट ऐकू आला. "तीस वरिस मी डोक्यावर पेटी लई फिरनू. उन्हात, चिखलात, परक्या ओट्यावर. एक छप्पर मन्हं व्हणार व्हतं. ते तू चोरं."

नानांनी आजूबाजूला पाहिलं. गाळेवाल्यांचे चेहरे वाचायला त्यांना वेळ लागला नाही. वारा फिरला की पाठ फिरवायची, हेच तर त्यांचं पुढारीपण. त्यांनी नवलपुढे हात केला, किल्ली घेतली आणि टेबलावर ठेवली.

"सात नंबर हसीनाबीचा. पैसे तिनं उद्या बँकेतून भरावेत, ट्रस्ट मान्य करेल. हात वर करा." हात वर झाले. लोटनचा सगळ्यात आधी. "पण एक अट. हे इथेच मिटलं. पोलीस-बिलीस नको. गावाची अब्रू आहे."

हसीनाबीनं किल्ली उचलली, कमरेच्या पिशवीत घातली आणि पिशवीची दोरी ओढली.

"गाळा मन्हा हक्काना, तो मी लिधा. अट तुमनी, ती तुमलेच राहू द्या. तक्रार मी करसू."

"विचार कर," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "चौकात सगळे बोलतात. ठाण्यात कागदावर सही करायची वेळ आली की कुणी नसतं. ह्या बाई धुळ्याला जातील. लीलाधरविरुद्ध ह्या गावातून साक्ष कोण देणार?"

प्रमिलाबाईंनी चौकात नजर फिरवली. ताईबाईनं डोळे खाली घातले. लोटन कागद सारखे करू लागला. आवेज पुढे सरकला, पण तो घरचाच, त्याच्या साक्षीला किंमत किती? नानांच्या ओठांवर हसू येऊ लागलं. इतकं सिद्ध करून शेवटी हरायचं ते ह्या हसण्यापुढे?

सारिका सतरंजीवरून चालत पुढे आली. नवऱ्याच्या शेजारून आली, पण त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

"मी देते," ती म्हणाली. "चला, मावशी."